एका तोळ्याची गोळी

सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आजीच्या पाटल्यांचा तोळा याहून जड होता, ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. १८३३ साली कंपनी सरकारने रुपयाच्या नाण्याचं वजन पक्कं करताना हा तोळा १८० ग्रेनवर बांधून टाकला. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. सराफकट्ट्यावरून हे माप केव्हाच गेलं, पण रायफलीच्या गोळीचं वजन अजूनही ग्रेनमध्येच सांगतात. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आलेलं थर्टी-ओ-सिक्स नावाचं काडतूस आहे. त्यातली एक फार लोकप्रिय गोळी १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची. हलकी हवी असेल तर १५० ग्रेनची घेतात. तिचं वजन दहा मासे, म्हणजे ऐंशी गुंजा.

हा एक तोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर असतो आणि त्यात ३,९०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. चाळीस किलोचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवायला जेवढी लागते तेवढी. रायफलीबद्दल बोलताना लोक या आकड्यापाशी थांबतात. पण जनावराच्या दृष्टीने खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ती ऊर्जा त्याच्या अंगात उतरते, की गोळी तशीच आरपार जाऊन मागच्या सागाच्या बुंध्यात रुतते? जनावर जागच्या जागी कोसळतं, की पोटात भोक घेऊन दोन दिवस कारवीत पडून राहतं? हे ठरवणारी गोष्ट रायफलीत नसते, गोळीच्या घडणीत असते.

आमच्या ठाण्यात हा विषय कुठून आला, असं कुणी विचारलं तर मी येऊरकडे बोट दाखवीन. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याचा ठाण्याकडचा उतार म्हणजे येऊर. तिथे चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे आणि पिसोरीही आहे. पिसोरी म्हणजे मूषक हरीण. तीन किलोच्या आसपास वजन, मांजराएवढं जनावर. भेकर वीस-पंचवीस किलोचं. चितळाचा नर सत्तर ते नव्वद. आणि सांबराचा थोराड नर दोनशे-अडीचशे किलोंचा, कधी त्याहूनही मोठा. एकाच डोंगरात तीन किलोंपासून अडीचशे किलोंपर्यंत. युरोप-अमेरिकेतल्या अनेक शिकाऱ्यांपुढे एका मोसमात एकाच जातीचं हरीण असतं. शहापूर-मुरबाडच्या रानात जुन्या काळी मचाणावर बसणाऱ्याला मात्र हाका सुरू झाल्यावर झाडीतून काय बाहेर येईल ते माहीत नसे, आणि नळीत गोळी एकच.

त्या काळाचा इथे नुसता हिशोब मांडतो आहे, आठवणीचा उमाळा म्हणून नव्हे. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ साली देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला परवाना काढून शिकारीची वाट होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बुजवली. आज येऊरच्या चितळावर हक्क आहे तो बिबट्याचा, आणि तो तसाच राहावा. पण गोळी जनावराच्या अंगात काय करते हे कळल्याशिवाय चोरट्या शिकारीतलं क्रौर्य नेमकं कुठे आहे ते कळत नाही, आणि शेतात घुसणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी देताना काय विचारायला हवं तेही सुचत नाही. म्हणून हा खटाटोप.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक शिकारी आपला बार हातानेच भरायचा. मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग शिशाची गोल गोळी, आणि गजाने ठासायचं. शिसं चुलीवरच्या लोखंडी पळीत वितळायचं आणि साच्यात ओतायचं. मऊ, जड, स्वस्त. काळ्या दारूचा वेग बेताचा, सेकंदाला चारशे मीटरच्या आगेमागे. त्या वेगाला मऊ शिशाची जाड गोळी मांसात शिरली की आपोआप चपटी व्हायची आणि रुंद जखम करायची. गोळीच्या घडणीचा वेगळा विचार करायची गरजच नव्हती.

ती गरज बिनधुराच्या दारूने निर्माण केली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ च्या सुमारास ही दारू तयार केली आणि वेग एकदम दीडपट झाला. नळीच्या आतल्या बाजूला आटे असतात. गोळीला फिरकी मिळावी, तिने भोवऱ्यासारखं तोल सांभाळत जावं म्हणून. नव्या वेगात उघडं शिसं त्या आट्यांत घासून निघायला लागलं. नळीत शिशाचा थर बसायचा आणि गोळीला नीट फिरकीच मिळायची नाही. उपाय स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन याच्याकडून आला: शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं पातळ कवच. नळीचा प्रश्न मिटला. पण पूर्ण कवचाची ही बारीक, कडक गोळी अंगातून दाभणासारखी आरपार जायला लागली.

पुढची गोष्ट आपल्या उपखंडात घडली. १८९५ साली वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळच्या मोहिमेत ब्रिटिश फौजेकडे थ्री-नॉट-थ्री रायफलीची २१५ ग्रेनची, एक तोळा दोन माशांची, पूर्ण कवचाची गोळी होती. गोळी लागूनही माणूस धावत येतो, अशी तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने टोकाशी कवच काढून थोडं शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरताच ते टोक पसरायचं. हीच ती कुप्रसिद्ध डमडम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने ती मानली १९०७ साली.

शिकारीचा न्याय याच्या नेमका उलट. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने रायफलीची गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी असं सांगितलं आहे. मोठ्या हरणांसाठी किमान व्यास ०.२४० इंच आणि किमान ऊर्जा १,७०० फूट-पाउंड हेही घालून दिलं आहे. युद्धात जी अमानुष ठरली, ती हरणासाठी सक्तीची. मला हे कोडं पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. सैनिकाच्या बाबतीत कायद्याला त्याने लढाईतून बाद व्हावं एवढंच अपेक्षित आहे, जगला तर चांगलंच. हरणाला उचलून न्यायला रुग्णवाहिका येत नाही. त्याला गोळी घालायचीच असेल तर ते काही सेकंदांत मेलं पाहिजे. दोन्ही नियमांच्या मुळाशी यातना टाळणं हेच आहे.

ते काही सेकंद कसे मिळतात? रायफलीची गोळी जनावराला धक्क्याने पाडत नाही. पाठीचा कणा किंवा मेंदू लागला नाही तर जनावर पडतं ते रक्त गेल्याने. हृदय आणि फुप्फुसं फाटली की मेंदूत शिल्लक असलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो. तेवढ्यात चितळ शंभर मीटर सहज पळतं. उघड्या माळावर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. आपल्या डोंगरांत पावसाळ्यानंतर पुरुषभर कारवी उभी असते. अशा कारवीत शंभर मीटर गेलेलं जनावर रक्ताच्या मागावरच शोधावं लागतं. गोळी फुलली नाही आणि बारीक भोक पडलं, तर कातडी सरकून ते बुजतं, रक्त आतल्या आत साठतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. असं लागलेलं जनावर कुणालाच सापडत नाही.

तेव्हा गोळीने दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. पसरायचं असतं, म्हणजे जखम रुंद होईल. आणि खोल जायचं असतं, म्हणजे फुप्फुसापर्यंत पोचेल. पसरलेली गोळी लवकर अडते, न पसरलेली खोल जाते. शिकारीच्या गोळीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन टोकांमधली ओढाताण. पावसाळ्यात जंगलाकडच्या रस्त्यांवर अळंबी विकायला बसतात. चांगली फुललेली गोळी जनावरातून काढली तर तशीच दिसते. पुढे छत्री, मागे देठ. छत्री मूळ व्यासाच्या साधारण दुप्पट झाली आणि देठ शाबूत राहिला, तर गोळीने आपलं काम केलं.

सगळ्यात जुनी आणि साधी रचना मऊ नाकाची. कवच मागून चढवलेलं, टोकाला शिसं उघडं. बेताच्या वेगाला आणि मध्यम जनावराला ती अजूनही उत्तम. वेग वाढला की मात्र ती फार लवकर फुटते. कवच एकीकडे, गाभा एकीकडे, आणि जखम वरवरची. हे टाळायला कारखान्यांनी कवच मधल्या भागात जाड केलं, म्हणजे पसरण्याला तिथे लगाम बसतो. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट ही १९३९ सालची गोळी याच कल्पनेची, आणि अजून दुकानात मिळते.

दुसरी वाट एका फसलेल्या गोळीतून निघाली. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन माणूस कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे सांबराच्या दुप्पट जनावर. अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. नॉस्लरच्या वेगवान गोळ्या त्या चिखलाच्या आणि कातडीच्या जाडीतच फुटून गेल्या. घरी परतल्यावर त्याने कवचाच्या मधोमध तांब्याचीच आडवी भिंत ठेवली. पुढच्या कप्प्यात शिसं, मागच्या कप्प्यातही शिसं. उभा छेद घेतला तर इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं. पुढचा कप्पा फुलतो, भिंतीपाशी थांबतो, आणि मागचा अर्धा भाग खोल जात राहतो. १९४८ पासून त्याने ही पार्टिशन गोळी विकायला काढली. मला ही रचना फार आवडते, कारण तिच्यात एकाच गोळीला दोन वेगळी कामं वाटून दिली आहेत आणि कुठलंही काम नशिबावर सोडलेलं नाही.

तिसरी युक्ती आपल्या कल्हईवाल्याला लगेच कळेल. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील तांब्याला असं चिकटतं की खरवडूनही निघत नाही. मधे मळाचा थर राहिला तर मात्र पापुद्रा सुटतो. साध्या गोळीत शिसं कवचात नुसतं दाबून बसवलेलं असतं. जोडलेल्या गोळीत गाभा आणि कवच या दोन धातूंचा तापवून असाच सांधा करतात. हाडावर आपटली तरी ती सुटी होत नाही. सांबराच्या खांद्यासाठी निवड करायची असती, तर मी याच रचनेचं नाव घेतलं असतं.

चौथी रचना शिशाला पुरती फाटा देणारी. १९८० च्या दशकात अमेरिकेत रँडी ब्रूक्स याने सबंध तांब्याची गोळी आणली. टोकाला भोक, आणि आत पाकळ्या पडाव्यात म्हणून खाचा. अंगात शिरताच चार पाकळ्या मागे वळतात आणि गोळी जवळजवळ पूर्ण वजनानिशी पुढे जाते. हिच्यात एक गोम आहे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या जवळपास. म्हणून एक तोळ्याची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब होते. लांब गोळीला तोल सांभाळायला जास्त फिरकी लागते, आणि नळीतल्या आट्यांची फिरकी तर ठरलेली असते. त्यामुळे तांब्याकडे वळणारा माणूस एक पायरी हलकी गोळी घेतो. तोळ्याऐवजी दहा मासे. गोळीचं वजन टिकून राहत असल्याने त्यात तोटा होत नाही.

नेमबाजीच्या स्पर्धेतल्या गोळ्यांनाही टोकाला भोक असतं, आणि इथे नवखा माणूस फसतो. ते भोक पसरण्यासाठी नसतं. कवच मागून पुढे ओढून घेतलं की टोकाशी उरलेली ती फट असते. अशी गोळी कागदावर केसाइतकी अचूक बसते. जनावरात मात्र ती कधी सरळ आरपार जाते, तर कधी फुटून चुरा होते. दोन्हीचा भरवसा नाही. शिकारीला ती वापरू नये हे गोळ्या बनवणारेच सांगतात.

आता टोकाचा आकार. अणकुचीदार टोक आणि मागे निमुळती शेपटी असलेली गोळी हवा चांगली कापते. तीनशे मीटरवर तिचा वेग जास्त शिल्लक राहतो. वेगाचं महत्त्व असं, की बहुतेक मऊ नाकाच्या गोळ्या सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या खाली नीट फुलत नाहीत. लांबच्या माऱ्याला म्हणून टोकात प्लास्टिकची अणी बसवतात. ती हवेत टोक टिकवते आणि अंगात पाचरीसारखी आत सरकून गोळी उघडते. पण ठाणे जिल्ह्याच्या झाडीत तीनशे मीटर दिसतं कुठे? पन्नास पावलांवरचं दिसलं तरी नशीब. तिथे बोथट गोल नाकाची जड गोळीच शहाणपणाची होती. ती फांद्यांमधून सरळ जाते असं जुने शिकारी छातीठोकपणे सांगायचे. तपासून पाहिलं तेव्हा काड्यांना लागून कमीअधिक सगळ्याच गोळ्या वळतात असं दिसलं. गोल नाकाची फार तर थोडी कमी वळते. फांदीआडून बार काढू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे ज्यांच्याकडे परवान्याची रायफल होती, त्यांच्या हातात बहुधा तीनशे पंधरा बोअरची असायची. ब्रिटिश सरकारला लष्करी थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाच्या घरात नको होती. म्हणून ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाचा हा वेगळा बोअर इथे रुजला, आणि पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याची रायफल बनवली. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे तोळ्यावर चार मासे. गोल नाक, वेग सेकंदाला सहाशे मीटरहून थोडा जास्त. कागदावरचे आकडे पाहून आजचा अमेरिकन शिकारी नाक मुरडेल. पण पन्नास पावलांवरच्या सांबराला ही संथ, जड, मऊ नाकाची गोळी अगदी योग्य होती. तिला फार लवकर फुटण्याएवढा वेगच नव्हता. भेकराला मात्र ती अवाजवी. वीस किलोच्या जनावराची बरगडी इतकी पातळ, की गोळीला फुलायला पुरेसा अडथळाच मिळत नाही.

काडतूस घरी भरण्याचा छंद परदेशात जोरात आहे तो याच फरकांमुळे. डोंबिवली-कल्याणच्या कित्येक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन असल्या राज्यांत राहणाऱ्याला नोव्हेंबर आला की शेजारच्या गॅरेजमध्ये बाकावर बसवलेलं एक दाबयंत्र, तराजू आणि पितळी पुंगळ्यांचे डबे दिसू शकतात. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या बेसुमार झाली आहे, आणि शिकार हा ती आटोक्यात ठेवण्याचा सरकारमान्य मार्ग आहे. काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, बिनधुराची दारू आणि गोळी. बार झाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. तिचा आकार पुन्हा ठीक करून बाकीचे तीन भाग नवे घालतात. दारूचं माप प्रसिद्ध झालेल्या तक्त्यातूनच घ्यायचं आणि कमी बाजूने सुरू करायचं, हा त्यातला न मोडायचा नियम, कारण जास्त दाबाने रायफल हातात फुटते. पैसे वाचतात हे खरं असलं, तरी जाणता माणूस हे करतो ते आपल्या रायफलीला, आपल्या रानाला आणि आपल्या जनावराला जुळेल अशी गोळी निवडता यावी म्हणून. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला हे करता येत नाही. त्याचं ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. कोल्हापूरच्या मातीतला आणि मध्य रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात ऑलिंपिक कांस्य जिंकला, त्यात हेच काडतूस असतं. ते कारखान्यातूनच भरून येतं. त्या पातळीचे नेमबाज मग वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं झाडून बघतात आणि आपल्या नळीला रुचणारा घाणा निवडतात.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये असं दाबयंत्र मांडता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात, ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

आणि तरी डोंबिवलीच्याच रेल्वेमार्गावर, कल्याणच्या पुढे तिसऱ्या स्टेशनाला, काडतुसाच्या धातूचा मोठा सरकारी कारखाना आहे. अंबरनाथ म्हटलं की आपल्याला १०६० सालचं शिवमंदिर आठवतं. पन्नासच्या दशकात उभी राहिलेली तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी लष्करासाठी तांब्या-पितळाचं काम करते. लहान शस्त्रांच्या काडतुसांना लागणारे पितळी कप हे त्यातलं एक. २०२१ पासून ती यंत्र इंडिया या सरकारी कंपनीत आहे. प्रत्येक पुंगळीची सुरुवात अशा जाड बुडाच्या छोट्या वाटीने होते. पितळाच्या पत्र्यातून चकती कापायची, तिची वाटी करायची, मग ती ठशातून ओढत ओढत लांब करायची. काडतूस पुरं होतं ते वरणगाव आणि खडकीसारख्या कारखान्यांत. खडकीचा कारखाना तर १८६९ चा.

पितळ ठोकलं किंवा ओढलं की कडक होतं आणि चिरतं. तांबट म्हणूनच घडवताना भांडं मधे मधे आगीत धरतो. कारखान्यात वाटीलाही ओढींच्या मधे मधे भट्टी दाखवतात. परदेशातला छंदिष्ट आपल्या जुन्या पुंगळीचं तोंड चार-पाच वापरांनंतर ज्योतीवर तापवतो तेही त्याचसाठी. तोंड तेवढं तापवायचं, बुडाला आच लागू द्यायची नाही. बूड मऊ पडलं तर दाब सोसणार कोण?

आता आपल्या रानाकडे. कोकणात शेती-संरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि त्यांवर बहुधा ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते. गुळगुळीत नळी, शिशाचे छर्रे किंवा एकच गोळा. रायफलीच्या गोळीबद्दल वर जे सांगितलं, त्यातलं जवळजवळ काहीच तिथे लागू पडत नाही. छर्रे पसरतात. चाळीस पावलांपुढे ते रानडुकराला मारत नाहीत, जखमी करतात. चोरटी शिकार याहून वाईट. तारेचा फासा, खाण्यात लपवलेला गावठी बॉम्ब, नाहीतर खिळे आणि छऱ्यांनी ठासलेली विनापरवाना नळी. जबडा उडालेलं डुक्कर आठवडाभर जगू शकतं. गोळीची घडण सुधारत नेण्यामागे लोकांनी सव्वाशे वर्षं घालवली ती हेच टाळण्यासाठी, आणि आपल्याकडचा चोर अजून १८५० च्याही मागे आहे.

महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणारे रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर मारायला वनखातं अटी घालून परवानगी देऊ शकतं. ज्याचं उभं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलं, त्या शेतकऱ्याचं दुःख मला कळतं. त्याला परवानगी मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण त्या कागदावर हत्यार कुठलं, गोळी कुठल्या प्रकारची आणि अंतर जास्तीत जास्त किती, हे इंग्लंडच्या कायद्यासारखं स्पष्ट लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं. पूर्ण कवचाची गोळी नको, छर्रे नकोत. मऊ नाकाची गोळी, पन्नास मीटरच्या आत, खांद्यामागे.

आणि शक्य असेल तर शिसं नको. मऊ नाकाची गोळी फुलताना तिचे शिशाचे बारीक कण सुटतात. मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले तेव्हा हे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत विखुरलेले दिसले. शिकारी मांस घेऊन जातो आणि आतडी रानात टाकतो. ती गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाडासारखा पक्षी १९८२ साली जगात २२ उरला होता. तो टिकवताना आलेला सर्वांत मोठा अडथळा शिशाच्या विषाचा होता. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कुठल्याही शिकारीला शिशाचा दारूगोळा चालत नाही. डेन्मार्कने २०२४ पासून रायफलीच्या गोळीतूनही शिसं काढलं आहे. आपली गिधाडं गेली ती शिशाने नव्हे, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने. ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झालं. जी थोडी गिधाडं उरली आहेत, त्यांच्या वाट्याला दुसरं विष ठेवायचं कारण नाही.

तांब्याची गोळी मिळत नसेल, तर निदान मेलेलं डुक्कर आतड्यांसकट त्याच दिवशी पुरलं पाहिजे. कोल्ह्याला उकरता येणार नाही इतकं खोल, आणि जिथे गोळी लागली तिथली रक्ताळलेली माती वरून ओढून त्याच खड्ड्यात.